गाल बसलेत? थांबा, आधी हे वाचा!

फेशिअल झालं, हायलाइट्स झाले, दातांना क्लिपही लावून झाली. पण गालाचं हाडच मुळात सपाट असेल तर? त्यासाठी ‘चीक इम्प्लांट’ नावाचं एक ऑपरेशन आहे. माझ्या रूममेटने ते करून घेतलं, तेव्हा तिच्या उशाशी बसून मी जे पाहिलं, विचारलं आणि वहीत टिपून ठेवलं, ते सगळं आज तुमच्यासाठी.

नाक नकटं असेल तर लोक सरळ ‘नकटं’ म्हणतात. दात पुढे असतील तर तेही तोंडावर ऐकवतात. गालाचं हाड सपाट असेल तर मात्र तसं कुणी म्हणत नाही. लोक विचारतात, ‘दमलीस का गं?’, ‘बरं नाहीये का?’, ‘जेवतेस ना नीट?’ चेहऱ्याला उठाव येतो तो गालांमुळे. तो नसला की डोळ्यांखाली सावली पडते, नाकापासून ओठांपर्यंतची रेघ ठळक दिसते आणि आठ तास मस्त झोपलेला माणूसही नाइट शिफ्ट करून आल्यासारखा वाटतो.

माझ्या रूममेटचं नेमकं हेच होतं. वय ३१, हिंजवडीत नोकरी, तब्येत एकदम ठणठणीत. सिंहगड चढायला लागलो की ही सगळ्यांच्या पुढे! तरीही एका अप्रेझल मीटिंगमध्ये तिच्या मॅनेजरने अगदी काळजीने विचारलं, ‘सध्याचं वर्कलोड झेपतंय ना तुला?’ काम चोख होतं, डेडलाइन एकही चुकली नव्हती. प्रश्न आला होता तो चेहऱ्याकडे बघून. त्यानंतर ती दोन वर्षं विचार करत होती. तीन डॉक्टरांना भेटली, एकाला नाही म्हणाली, मग ठरवलं. हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘सोबत कोण’ या रकान्यात माझं नाव लागलं. आता तिच्याच परवानगीने, तिचं नाव न घेता, हे लिहितेय.

हे नेमकं असतं तरी काय?

चीक इम्प्लांट म्हणजे गालाच्या हाडावर बसवायचा छोटासा, आधीच आकार दिलेला तुकडा. हातात घेतला तर वाटतं, एवढ्याशाने काय होणार? जाडी जेमतेम काही मिलिमीटर. पण चेहऱ्यावर दोन मिलिमीटरचा फरकही लगेच डोळ्यांत भरतो.

यात मुख्य प्रकार दोन. एक बसतो थेट गालाच्या हाडावर. त्याला ‘मॅलर’ म्हणतात. ज्यांचं हाडच सपाट आहे, त्यांच्यासाठी हा. दुसरा बसतो हाडाच्या खाली, जिथे गाल आत गेलेला असतो तिथे. तो ‘सबमॅलर’. आपण ज्याला ‘गालफडं बसली’ म्हणतो, त्यावरचा हा उपाय. दोन्ही गरजा असतील तर दोन्ही भाग भरून काढणारा तिसरा प्रकारही मिळतो. कुणाला कुठला, हे डॉक्टर चेहरा समोरून, बाजूने आणि तिरका बघून, फोटो काढून आणि कधी सीटी स्कॅन करून ठरवतात.

मटेरियलही वेगवेगळी. घट्ट सिलिकॉन सगळ्यात जास्त वापरलं जातं. हे जेलसारखं नसतं, त्यामुळे फुटून गळण्याचा प्रश्नच नाही. शरीर त्याच्याभोवती एक पातळ आवरण तयार करतं, पण त्याच्या आत शिरत नाही. म्हणून पुढेमागे काढायचं झालं तर ते तुलनेने सहज निघतं. दुसरं मटेरियल म्हणजे छिद्रं असलेलं पॉलिएथिलिन. त्याच्या छिद्रांत आपल्याच पेशी वाढतात, त्यामुळे ते पक्कं बसतं. पण म्हणूनच काढायला अवघड. ‘चांगलं कुठलं?’ असं विचारण्यापेक्षा ‘माझ्यासाठी हे का निवडलंत?’ असं विचारा.

मग फिलर का नको?

हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो, आणि यायलाच हवा. इंजेक्शनने हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर भरलं की अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. अमेरिकेच्या एफडीएने गालांचा भरीवपणा वाढवण्यासाठीच्या अशा फिलरला २०१३ मध्ये मान्यता दिली आणि तेव्हापासून इम्प्लांटऐवजी फिलर घेणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. त्याचा मोठा फायदा म्हणजे नाही आवडलं तर हायलुरॉनिडेज नावाचं औषध टोचून ते विरघळवता येतं. तोटा असा की ते टिकतं साधारण वर्ष-दोन वर्षं, मग पुन्हा खर्च. आणि ‘फक्त इंजेक्शनच तर आहे’ म्हणून हलक्यात घेऊ नका. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते, आणि क्वचित का होईना, दृष्टीही जाऊ शकते. त्यामुळे ब्यूटी पार्लरमध्ये फिलर? चुकूनही नको.

तिसरा पर्याय स्वतःच्याच चरबीचा. पोटातून किंवा मांडीतून काढून ती गालात भरतात. वस्तू बाहेरची नाही, ही जमेची बाजू. पण भरलेल्या चरबीचा काही भाग शरीर शोषून घेतं, आणि किती घेईल हे आधी कुणीच नेमकं सांगू शकत नाही.

डॉक्टरांनी रूममेटला एक युक्ती सुचवली. आधी एकदा फिलर करून बघ, चेहऱ्याला उठाव आल्यावर तुला कसं वाटतं ते अनुभव, मग हाडाचा विचार कर. तिने तसंच केलं. फिलर उतरल्यावर, सव्वा वर्षाने, ती ऑपरेशनसाठी तयार झाली. घाई नव्हती हे मला सगळ्यात आवडलं.

प्लॅस्टिकचं मूळ पुण्यात?

आधी एक गैरसमज दूर करू. प्लॅस्टिक सर्जरीतल्या ‘प्लॅस्टिक’चा कॅरी बॅगशी किंवा २०१८च्या प्लॅस्टिकबंदीशी काडीचाही संबंध नाही! ग्रीक भाषेत ‘प्लास्टिकोस’ म्हणजे आकार देण्याजोगं. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत गालाचीच त्वचा वापरून कानाची फाटलेली पाळी दुरुस्त करण्याची रीत सांगितली आहे.

आणि पुणेकरांनो, कॉलर ताठ करा. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने एक हकिकत छापली. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर होता. तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ, वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवून दिलं. ती हकिकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने अभ्यास सुरू केला, १८१४ मध्ये असंच ऑपरेशन केलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक छापलं. युरोपात या सर्जरीचा जम बसला तो त्यानंतर. गंमत म्हणजे करणाऱ्या कारागिराचं नाव त्या बातमीत नाहीच.

डॉक्टर कसा शोधायचा?

आधी पाटी वाचा. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’, ‘एस्थेटिक एक्स्पर्ट’ असे शब्द चकचकीत वाटतात, पण ऑपरेशन थिएटरमध्ये ते पुरेसे नाहीत. बघायचं ते एम.सीएच. किंवा डी.एन.बी. इन प्लॅस्टिक सर्जरी. शिवाय डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आहे का, हे तपासण्यात लाजायचं काहीच कारण नाही. आपण सेकंडहँड गाडी घेताना आर.सी. बघतो की नाही?

रूममेटने ज्या डॉक्टरांना नाही म्हटलं, त्यांनी पहिल्या वीस मिनिटांत पॅकेज, डिस्काउंट आणि ‘सोबत हनुवटी पण करून टाकू’ हे सगळं उरकलं होतं. जिथे ती शेवटी गेली, तिथे पहिल्या भेटीत डॉक्टरांनी दोनच प्रश्न लावून धरले. ‘का करायचंय?’ आणि ‘आत्ताच का?’ ब्रेकअप झालाय, लग्न ठरत नाहीये, बॉयफ्रेंड म्हणतोय, अशी उत्तरं आली तर चांगले डॉक्टर थांबायला सांगतात. आरशातल्या न दिसणाऱ्या किंवा अगदी किरकोळ दोषाने ज्यांचा दिवसचे दिवस ताबा घेतलेला असतो, त्यांना बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर असू शकतो. अशांना ऑपरेशनने समाधान मिळत नाही. त्यांना सायकिअ‍ॅट्रिस्टची मदत लागते, सर्जनची नाही.

तयारी

रक्ताच्या चाचण्या, ईसीजी हे ठरलेलं. त्यापलीकडे लक्षात ठेवायच्या गोष्टी या:

सिगारेट कमीत कमी महिनाभर आधी बंद. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही. चहाच्या टपरीवरची ‘एकच’ सुद्धा मोजली जाते, बरं का!

अ‍ॅस्पिरिन, आयब्रुफेनसारख्या गोळ्या, व्हिटॅमिन ई, फिश ऑइल आणि ‘आयुर्वेदिकच तर आहे’ म्हणून घेतलेली चूर्णं, सगळ्यांची यादी डॉक्टरांना द्या. यातल्या काहींमुळे रक्तस्राव वाढतो. पण कुठलंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

दाताची कीड, हिरड्यांची सूज आधी बरी करून घ्या. चीर तोंडाच्या आतून असते, त्यामुळे तिथलं इन्फेक्शन थेट इम्प्लांटला नडू शकतं.

आणि आई...

हा भाग कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रूममेटची आई सांगलीहून एसटीने आली. हातात लाडवांचा डबा, जो पुढचे पंधरा दिवस पेशंटला खाताच येणार नव्हता. रात्री भांडी विसळताना काकू मला म्हणाल्या, ‘तिचे गाल माझ्यासारखे आहेत गं. माझ्या आईचेही असेच होते. आम्हाला कुणी कधी नावं ठेवली नाहीत.’

त्या रागावलेल्या नव्हत्या. पण मला काय बोलावं सुचेना. त्या बोलल्या ते मुलीने आतून ऐकलं होतं. ती बाहेर आली आणि म्हणाली, ‘आई, तुला लोक दमलेली म्हणायचे तेव्हा तू खरंच दमलेली असायचीस. मी दमलेली नसते.’ बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग काकूंनी विचारलं, ‘सकाळी किती वाजता निघायचं?’

आपल्या चेहऱ्यावर आपल्या एकट्याचीच मालकी असते असं आपण धरून चालतो. घरच्यांना तो चेहरा म्हणजे आजी, आत्या, मामा वाटत असतो. त्यांची परवानगी घ्या असं मी म्हणत नाही, तुम्ही सज्ञान आहात. पण त्यांना आधी सांगा, आणि त्यांना वाईट वाटलं तर ते वाटू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर थेट ‘आफ्टर’चा फोटो टाकण्यापेक्षा हे बरं.

ऑपरेशनच्या दिवशी

घन आहार सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. हॉस्पिटल सांगेल तेच अंतिम. ऑपरेशन बहुतेक वेळा पूर्ण भूल देऊन करतात. काही ठिकाणी जागा बधिर करून आणि गुंगीचं औषध देऊनही.

वरचा ओठ उचलून, हिरडी आणि गाल जिथे मिळतात तिथे आतून छोटी चीर देतात. म्हणजे चेहऱ्यावर बाहेरून डाग नाही. काही वेळा पापणीच्या खालूनही जातात, विशेषतः त्याच वेळी पापणीचं काम करायचं असेल तर. मग हाडावरचं पातळ आवरण उचलून, इम्प्लांट मावेल एवढाच खिसा तयार करतात. खिसा मोठा झाला तर इम्प्लांट सरकतं, म्हणून हे कौशल्याचं काम. नमुन्याचे तुकडे घालून माप बघतात, मग खरं इम्प्लांट बसवतात. ते जागेवर राहावं म्हणून टाके किंवा टायटॅनियमचे बारीक स्क्रू. शेवटी आतले टाके, जे आपोआप विरघळतात.

फक्त गालांचं काम असेल तर एक ते दीड तास. काही जण त्याच दिवशी घरी जातात, रूममेटला एक रात्र ठेवून घेतलं.

पहिले दहा दिवस

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त असते. रूममेट आरशात बघून म्हणाली, ‘मला चीकबोन्स हवे होते, ही तर पुरणपोळी झाली!’ हसवू नका, कारण हसता येत नाही. वरचा ओठ जड होतो, शिट्टी वाजत नाही, ‘प’ आणि ‘ब’ म्हणताना जीभ अडखळल्यासारखी वाटते.

डोकं उंच ठेवून, दोन उशांवर, पाठीवरच झोपायचं. पहिले दोन दिवस थंड शेक, बर्फ कपड्यात गुंडाळून. खाणं पातळ आणि कोमट. पेज, ताक, मुगाच्या डाळीचं पाणी, मग मऊ खिचडी, गुरगुट्या भात. चिवडा, चकली, कडक भाकरी, झणझणीत मिसळ... सगळं बंद. प्रत्येक खाण्यानंतर डॉक्टरांनी दिलेल्या माउथवॉशने गुळण्या, आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशने जपून दात घासणं.

पाचव्या दिवशी खरी परीक्षा होती. डावा गाल उतरला, उजवा तसाच. रात्री अकरा वाजता ती रडवेली होऊन म्हणाली, ‘वाकडं झालंय.’ दोन्ही बाजूंची सूज एकाच वेगाने उतरत नाही, हे तिला माहीत होतं, तरीही. डॉक्टरांना फोटो पाठवला, दुसऱ्या दिवशी दाखवून आलो, सगळं ठीक होतं. त्या आठवड्यात जवळ कुणीतरी हवंच. औषधं द्यायला नाही, ‘थांब, अजून सूज आहे’ हे दहादा सांगायला.

सात ते दहा दिवसांत डेस्कवर परतता येतं. जिम तीन-चार आठवडे नाही, धक्काबुक्कीचे खेळ निदान सहा आठवडे नाहीत. आणि गालावर दाब नको म्हणजे गाल आवळणारं फुल-फेस हेल्मेटही नको. विनाहेल्मेट तर नकोच नको. थोडक्यात, टू-व्हीलर बंद. पुण्यात याहून मोठी शिक्षा कुठली?

सहा आठवड्यांत बरीचशी सूज जाते, पण खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. तेव्हा स्वतःचं लग्न डिसेंबरात असेल तर ऑक्टोबरात ऑपरेशन? अजिबात नाही.

बिघडू काय शकतं?

हे न सांगणारा डॉक्टर असेल तर उठून या. डोळ्याखालून जाणारी एक नस गाल, नाकाची बाजू आणि वरच्या ओठाला संवेदना देते. ऑपरेशनमध्ये ती ताणली जाते, त्यामुळे काही आठवडे किंवा महिने बधिरपणा राहू शकतो. क्वचित तो कायमचा राहतो. रूममेटला चौथ्या महिन्यापर्यंत चहाचा कप ओठाला नक्की कुठे लागलाय ते कळत नव्हतं.

इन्फेक्शन झालं तर अनेकदा इम्प्लांट काढावंच लागतं. ते सरकू शकतं, दोन्ही बाजू सारख्या न दिसण्याची शक्यता असते, रक्त साठू शकतं, काही वर्षांनी खालचं हाड थोडं झिजू शकतं. एका बाजूची सूज अचानक वाढली, ताप आला, तोंडात घाण चव आली, दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोळ्याला कमी दिसायला लागलं तर एक मिनिटही थांबू नका. आणि पुढे आयुष्यभर, दातांचं काही काम करायचं असेल तर डेंटिस्टला सांगा की इथे इम्प्लांट आहे. इंजेक्शनची सुई तिथे जायला नको.

पैसे आणि ऑफिस

कोटेशन मागताना सगळं सुटं करून मागा. सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, थिएटर, इम्प्लांट, औषधं, नंतरच्या भेटी. निव्वळ सौंदर्यासाठीच्या सर्जरीवर जीएसटी लागतो, जन्मजात व्यंग किंवा अपघातानंतरच्या दुरुस्तीवर नाही. मेडिक्लेमचंही तसंच. अपघात, भाजणं, कॅन्सर किंवा वैद्यकीय गरज असेल तरच विचार होतो, दिसण्यासाठी केलेलं पॉलिसीत बसत नाही. कंपनीचं ग्रुप कव्हर कितीही तगडं असो! आणि हिशेबात एक रक्कम बाजूला ठेवाच. इम्प्लांट काढायची किंवा बदलायची वेळ आली तर तो खर्चही तुमचाच.

ऑफिसात काय सांगायचं? रूममेटने ‘अक्कलदाढ काढली’ असं सांगितलं. सूज, पातळ जेवण, बोबडं बोलणं, सगळं जुळतं! मॅनेजरला मात्र तिने ‘छोटी सर्जरी आहे’ एवढं खरं सांगितलं. त्याहून जास्त सांगायला कुणीही बांधील नाही.

आज सात महिने झालेत. तिला ऑफिसात कुणीच ‘गाल छान दिसतायत’ म्हणालं नाही. तिघींनी ‘हेअरकट केलास का?’ विचारलं. डॉक्टर म्हणतात, काम नीट झाल्याची हीच खूण. काकू दिवाळीत आल्या होत्या. मुलीचा चेहरा हातात धरून जरा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘बरी दिसतेस. पण झोपत जा वेळेवर.’ आम्ही दोघी इतक्या हसलो, की काकूंना शेवटपर्यंत कळलं नाही काय झालं ते.

पहिल्या भेटीत हे विचारायला विसरू नका

• तुम्ही स्वतः वर्षाला अशी किती ऑपरेशन्स करता? ऑपरेशन तुम्हीच करणार ना?

• माझ्या चेहऱ्याच्या दोन बाजूंत आत्ताच किती फरक आहे? (प्रत्येकाच्या असतो, फक्त आधी लक्ष गेलेलं नसतं.)

• इम्प्लांटची कंपनी, माप आणि बॅच नंबर लिहिलेलं कार्ड मला मिळेल का? ते जपून ठेवा, पुढे कधीही लागू शकतं.

• भूलतज्ज्ञ कोण? रात्री-अपरात्री काही झालं तर कुठल्या हॉस्पिटलमध्ये यायचं?

• नाही आवडलं तर काढल्यावर चेहरा कसा दिसेल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे नीट बघा. ते घाईत असतील, तर तुम्ही घाई करू नका.